तुम्ही विचारलंत म्हणून: अर्बन डिझाइन शिकवता, मग मुंबई अशी का?

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, वर्गमित्रांच्या ग्रुपवर प्रश्न ठरलेला असतो. "तू अर्बन डिझाइन शिकवतेस ना? मग मुंबई अशी का?" पाठोपाठ दुसरा येतो, "आणि स्वतः काही बांधत का नाहीस?" आजवर मी विषय बदलत आले. आता उत्तर देते.

मुंबई आमच्या ड्रॉइंगमधून घडत नाही, विकास नियंत्रण नियमावलीतून घडते. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते, किती, दोन इमारतींत अंतर किती, हे आधीच ठरलेलं असतं. गिरणगावाचं बघा. १९९१च्या नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सांगत होता की गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने परळच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या, ती सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. कोरियांसारख्या माणसाचं काम बाजूला पडलं आणि नियमातल्या दुरुस्तीने परळ ठरवलं. मग आम्हा मास्तरांना जाब कसला विचारता?

पण शिकवून तरी काय झालं, हा प्रश्न मलाही पडतो. त्यासाठी एक ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर विद्यार्थ्यांनी आपलं काम मांडण्याची परीक्षा, सांगायलाच हवी.

माझी एक विद्यार्थिनी रुळांलगतच्या झोपडीतून पूर्व उपनगरातल्या पुनर्वसन वसाहतीत आलेली. थिसीसला तिने तीच वसाहत घेतली. सात मजली इमारती, मधे तीन मीटरची फट. तिने भिंतभर एकच सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत दिसेल ते ड्रॉइंग, लावला होता, दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घराचा. खिडकीला ग्रिल, ग्रिलला प्लास्टिक, कारण वरून कचरा पडतो. खिडकीखाली आजीची कॉट. खाली दिवसाचे तास आखलेले, आणि ज्या तासांत ट्यूबलाइट लावावी लागते ते पिवळे केलेले. जवळजवळ सगळेच पिवळे होते. शेजारी तिने स्वतः लिहिलेला नियमाचा मसुदा होता: इमारतीची उंची वाढेल तसं दोन इमारतींमधलं अंतर वाढलं पाहिजे, आणि पुनर्वसनाच्या इमारतींना त्यातून सूट नको.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हे डिझाइन नाही, तक्रार आहे. मास्टरप्लॅन कुठाय?" मग म्हणाले, "घर फुकट मिळालंय ना?"

ती म्हणाली, "सर, आजीला टीबी झालाय."

ते पुढच्या शीटकडे वळले. मी मधे पडले. हा नियमच या शहराचं डिझाइन आहे, तिने नेमकं तिथेच बोट ठेवलंय, हे परोपरीनं सांगितलं. आवाज चढला माझा. तरीही तिला पुन्हा सबमिशन करायला लावलं गेलं. दुसऱ्यांदा तिने चौक, झाडं, कारंजं असलेला मास्टरप्लॅन आणला आणि ती पास झाली. २०१८ साली गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींवरचा अभ्यास आला. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडमधला अपुरा उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात मांडला होता. तिच्या भिंतीवर तेच तर होतं!

आता ती एका मोठ्या ऑफिसात टॉवरच्या लॉबी डिझाइन करते. मला वाईट वाटतं. पण त्याच पगारातून तिने घरच्यांना उजेडाच्या, भाड्याच्या घरात नेलं. आजीची कॉट उन्हात आली. यावर मी तिला काय सुनावणार?

बांधत का नाही, याचं उत्तर यातच आहे. मीही काही वर्षं ऑफिसात काढली. तिथे असल्या सेक्शनचे पैसे कुणी देत नाही. एका खिडकीवर अख्खं सत्र घालवायची मुभा वर्गातच मिळते. बरं, वर्गातही सगळं आलबेल आहे असं समजू नका. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला पुढच्या सत्राची खात्री नसते. असा माणूस परीक्षकाशी भांडणार कसा?

तरुणपणीची मी हे ऐकून घेणार नाही. ती म्हणेल, वर्ग ही पळवाट आहे, नियम बदलायचा तर रस्त्यावर ये. तिच्याकडे पुरावाही आहे. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींमुळे रद्द करून नव्याने करावा लागला. नकाशातल्या चुका शोधून हरकती लिहिण्यात आमची मुलंही होती, आणि त्या दिवसांत ती जे शिकली ते मी फळ्यावर कधीच शिकवू शकले नसते. मग दरवर्षी तेच का करत नाही? परीक्षा आहेत, हजेरी आहे, हे खरं. पण ही कारणं मला स्वतःलाच पुरेशी वाटत नाहीत. आणि वर्ग सोडावा असंही वाटत नाही.

त्या परीक्षकांना पुन्हा बोलावू नये असं मी लेखी दिलं होतं. ते मान्य झालं नाही, यंदाही ते येणार आहेत. यंदाच्या स्टुडिओचा, म्हणजे डिझाइनच्या वर्गाचा, विषय पुनर्वसन वसाहती आहे. तो मीच मांडला आणि मंजूर करून घेतला. नियमाचा मसुदा हे यंदा सबमिशनमधलं सक्तीचं शीट आहे.