तुम्ही विचारलंत म्हणून: नासिक ही चूक नव्हे

"इतकी वर्षं विकिपीडियावर आहात, तुमचा एक तरी लेख दाखवा की!" हे मला कॉलेज रोडवरच्या भिशीत ऐकावं लागलंय आणि लग्नाच्या पंगतीतही. उत्तर दिलं की विचारणारा हिरमुसतो. मी लेख लिहीत नाही. मी पुनर्निर्देशनं लावते, आणि लावलेल्यांची वर्गवारी करते.

म्हणजे काय, तर तुम्ही 'नासिक' टाइप करता आणि 'नाशिक'चं पान उघडतं. शीर्षकाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्ही 'नासिक'वरून इकडे आलात. त्या नावावर टिचकी मारलीत तर एक जवळजवळ कोरं पान दिसेल. त्यावर एकच ओळ: अमुक पानाकडे जा. माझं काम त्या ओळीच्या खाली असतं. हे नाव इथे का ठेवलंय ते वर्ग लावून सांगायचं. पर्यायी नाव, जुनं नाव, टोपणनाव, की निव्वळ लिहिण्यातली चूक? वाचकाला हे पान सहसा दिसतच नाही, तो पुढच्या पानावर पोचलेला असतो.

माझी नोकरी ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लिहिण्यात गेली, त्यामुळे हे काम मला नवीन वाटलं नाही. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, माणूस एकच. एका कार्डावर 'पहा' लिहून दुसऱ्याकडे पाठवायचं. फरक इतकाच की कार्डावर 'का पहा' हे कोणी लिहायला सांगत नव्हतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: नाव चुकीचंच असेल तर ते पान काढून का टाकत नाही? कारण लोक तेच टाइप करतात, आणि बाहेरून कोणीतरी त्याच नावाला दुवा दिलेला असतो. पान काढलं की तो दुवा तुटतो. ठेवायला खर्च शून्य. पण वर्ग चुकला की नुकसान होतं, आणि ते मी स्वतः करून पाहिलंय.

सुरुवातीच्या उत्साहात मी 'नासिक'ला चुकीच्या शुद्धलेखनाच्या वर्गात टाकलं. पाट्यांवर 'नाशिक' आहे, विषय संपला. आता या वर्गाचा उपयोग असा, की चुकीच्या नावावरून येणारे दुवे कोणीतरी शोधून दुरुस्त करतो. पर्यायी नावाच्या दुव्यांना मात्र हात लावायची गरज नसते. माझ्या वर्गावर विश्वास ठेवून एक कष्टाळू सदस्य कामाला लागला, आणि काही दिवसांनी मला नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या मजकुरात शिलालेखाचं वाचन 'नाशिककनं धंभिकगामस दानं' असं दिसलं.

मूळ शब्द आहे 'नासिककनं'. अठराव्या लेण्यात, चैत्यगृहावर, तो कोरलेला आहे: नासिककरांच्या धंभिक गावाचं दान. एकोणिसाव्या लेण्यातल्या सातवाहन राजा कान्हाच्या काळच्या लेखातही नासिकचा महामात्र, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, आहे. शूर्पणखेच्या नासिकेची गोष्ट तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. दोन हजार वर्षं दगडात टिकलेल्या 'स'ला मी एका संध्याकाळी अशुद्ध ठरवलं होतं! त्या सदस्याचा काहीच दोष नव्हता. मी वर्ग बदलला, शिलालेख परत पूर्ववत केला, आणि त्याला माफीचा निरोप टाकला.

तेव्हापासून घाई करत नाही. आम्ही नाशिककर रामकुंडावर जाताना 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो, म्हणून काही 'गंगा' हे नाव गोदावरीकडे वळवता येत नाही. 'दक्षिण गंगा' वळवता येतं. 'सिंहस्थ' म्हटलं की आपल्याला त्र्यंबक आणि पंचवटीच आठवते, पण उज्जैनवालेही त्यांच्या कुंभमेळ्याला सिंहस्थच म्हणतात. तिथे पुनर्निर्देशन नको, दोन्ही वाटा दाखवणारं निःसंदिग्धीकरणाचं पान हवं.

सर्वांत छळतो तो 'कऱ्हा'सारख्या शब्दातला अर्धा र. तो संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळी शीर्षकं. 'ॲ'चंही तसंच. यांना चूक कोणत्या तोंडाने म्हणायचं? लिहिणाऱ्याचा कीबोर्ड वेगळा होता, एवढंच.

आणि नावं बदलतात तेव्हा तर विचारूच नका. 2022 च्या जूनअखेरीस राज्य मंत्रिमंडळाने औरंगाबादचं 'संभाजीनगर' केलं, सरकार बदललं आणि जुलैत 'छत्रपती संभाजीनगर' ठरलं. अशा वेळी पहिलं नाव दुसऱ्याकडे आणि दुसरं तिसऱ्याकडे बोट दाखवत बसतं. विकिपीडिया एकाच उडीपर्यंत नेतो, मग वाचक मधल्याच कोऱ्या पानावर अडकतो. दोन्ही नावं थेट शेवटच्या पानाकडे वळवावी लागतात. बदललेल्या नावाला 'जुनं नाव' हा वर्ग द्यायचा, 'चूक' कधीही नाही. वाद घालायला उत्सुक मंडळी पुष्कळ असतात, त्यांना मी चहा पाजते आणि वर्ग तसाच ठेवते.

सध्या माझ्यासमोर 'त्रिंबक' आहे. लिहायचं त्र्यंबक, पण बसमध्ये कंडक्टरपासून सगळे म्हणतात त्रिंबक, आणि त्रिंबक रोडला त्र्यंबक रोड म्हणणारा रिक्षावाला मला अजून भेटलेला नाही. चुकीच्या वर्गात टाकायला हात धजत नाही. 'बोलीतलं रूप' असा नवा वर्ग काढावा म्हणून चर्चापानावर लिहून आठ दिवस झाले. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.