गुहेत जाणार असाल तर मोबाइलच्या टॉर्चवर नका जाऊ

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या मेघालय ट्रिपचं जोरात चाललंय, तिकिटं झाली, हॉटेल झालं, आणि काल कोणीतरी टाकलं की गुहेत पण जाऊ, टॉर्च काय मोबाइलमध्ये असतोच. तेवढ्यासाठी ही पोस्ट. जा, नक्की जा, गुहेसारखी जागा नाही, पण असं नका जाऊ.

आपल्याला गुहा म्हटलं की कान्हेरी आठवते, नाहीतर गोरखगडावरची, जिथे ट्रेकर मुक्कामाला असतात. ह्या गुहा माणसाने कातळात खोदलेल्या, तोंडातून उजेड येतो, थोडं आत गेलं की भिंत. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा वेगळ्या. क्रेम लिआत प्राह 30 किलोमीटरच्या वर लांब आहे, आणि ह्या गुहा पाण्यानेच कोरल्यात, म्हणजे पाऊस पडला की पाणी परत त्याच वाटेने येणार. मावस्माईत दिवे लावलेत, तिथे बिनधास्त फिरा. त्यापुढच्या गुहेत तिथला माहीतगार गाइड असल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबातच नाही.

थायलंडची ती मुलं आठवतायत ना? 23 जून 2018, फुटबॉलची प्रॅक्टिस संपवून 12 मुलं आणि त्यांचा कोच थाम लुआंग गुहेत गेले, बाहेर पाऊस झाला आणि परतीची वाट पाण्याखाली गेली. सापडले 2 जुलैला, शेवटचे बाहेर आले 10 जुलैला, आणि त्यांच्यासाठी हवेच्या टाक्या पोचवताना समान कुनान हा माजी नेव्ही डायव्हर जिवानिशी गेला. पण शोध त्याच रात्री सुरू झाला, का तर ते कुठे गेलेत हे टीममधल्या न गेलेल्या मुलाला माहीत होतं आणि गुहेच्या तोंडाशी सायकली दिसल्या.

म्हणून हेल्मेट, बूट सगळं घ्याच, पण आधी बाहेर एक माणूस ठेवा. कुठल्या गुहेत, किती जण, किती वाजता बाहेर येणार, हे त्याला लिहून द्या आणि ती वेळ टळली तर त्याने वाट बघत न बसता मदत मागायची. आत रेंज नसते हो, 112 लावणार कुठून?

उजेड प्रत्येकाकडे तीन, एक हेल्मेटवर आणि दोन जास्तीचे, सेल वेगळे. कारण आत अंधार म्हणजे स्वतःचा हात दिसत नाही असा, आणि एक टॉर्च पडून फुटायला सेकंद पुरतो. डोकं जड झालं, धाप लागली तर हवा खराब असू शकते, लगेच मागे फिरा.

आणि प्लीज, वटवाघळांवर फ्लॅश मारू नका. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, कळप घाबरून उडाला की ते खाली पडू शकतं. छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीलाही हात लावायचा नाही, आपल्या हाताचं तेल लागलं तरी तिची वाढ थांबू शकते.

हेडटॉर्च कुठला घ्यायचा हे कळत नसेल तर रविवारी सकाळी क्लबहाउसला या, माझ्याकडचे घेऊन येते, डोक्याला लावून बघा आणि मग ऑर्डर करा.