आजोबांचे लॉग टेबल आणि बॅबेज यांचे यंत्र

बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे जुने घर आवरताना आजोबांचे लॉगरिथमच्या, म्हणजे गुणाकार बेरजेने करू देणाऱ्या आकड्यांच्या, कोष्टकांचे पुस्तक हाती लागले. आजोबा कलाभवनात शिकलेले. पुस्तकाच्या समासांत त्यांची बारीक टोकाची पेन्सिल जागोजागी दिसते. एका पानावर सातच्या लॉगरिथमसमोर ८४१५ छापले आहे. शेजारी त्यांनी ८४५१ लिहिले आहे आणि त्याखाली वजाबाक्या मांडल्या आहेत. ६.८ पासून ७.२ पर्यंतचे आकडे ८३२५, ८३८८, ८४५१, ८५१३, ८५७३ असे हवेत. त्यांच्यातली अंतरे ६३, ६३, ६२, ६० अशी हळूहळू उतरत जातात. छापील आकडा धरला तर तीच ६३, २७, ९८, ६० होतात, आणि चूक लगेच उघडी पडते.

इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांना अशाच चुकांनी यंत्राकडे वळवले. १८२१ मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञ मित्राबरोबर कोष्टके तपासताना इतक्या चुका निघाल्या की ही आकडेमोड वाफेने झाली असती तर किती बरे, असे ते उद्गारले. नाविक आणि खगोलशास्त्रज्ञ ज्यांच्यावर विसंबत, ती कोष्टके माणसे हाताने करीत, नकलून काढीत आणि खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, जुळवून छापीत. चूक यांपैकी कुठेही शिरू शकत असे.

कोष्टके आपोआप तयार करण्यासाठी त्यांनी योजलेल्या डिफरन्स इंजिन या यंत्राचे मर्म आजोबांच्या वजाबाक्यांमध्येच आहे, फक्त उलट्या दिशेने. ४१, ४३, ४७, ५३, ६१ ही मालिका घ्या. अंतरे २, ४, ६, ८. त्या अंतरांची अंतरे मात्र सदैव २. म्हणजे पहिले काही आकडे चाकांवर लावून दिले की पुढचा प्रत्येक आकडा निव्वळ बेरजेने मिळतो, गुणाकाराची गरजच उरत नाही. यंत्रात प्रत्येक अंकाला एक चाक असते, आणि नवावरून शून्यावर येताना ते वरच्या स्थानाच्या चाकाला हातचा देते. हा हातचा बिनचूक पुढे नेणे हेच रचनेतले सर्वांत अवघड काम होते.

ब्रिटिश सरकारने या कामावर सुमारे १७,००० पौंड खर्च केले, परंतु कारागीर जोसेफ क्लेमंट यांच्याशी वाद होऊन १८३३ मध्ये काम थांबले आणि १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले. तोवर बॅबेज यांचे मन छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या, कोणतीही आकडेमोड करू शकेल अशा ॲनालिटिकल इंजिनात गुंतले होते, ज्यावर गणिताच्या अभ्यासक एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये आपल्या सुप्रसिद्ध टिपा लिहिल्या.

त्यांना स्वप्नाळू म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १८४७ ते १८४९ या काळात त्यांनी काढलेल्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाच्या आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमने, त्या काळी साधता येईल तेवढ्याच अचूकतेचे भाग घडवून, १९९१ मध्ये गणनेचा विभाग उभा केला, आणि तो ३१ अंकी उत्तरे देऊ लागला. छपाईचा विभाग २००२ मध्ये पूर्ण झाला. बॅबेज यांची दूरदृष्टी मला या दुसऱ्या विभागात सर्वांत जास्त जाणवते: यंत्र उत्तर कागदावर तर छापतेच, शिवाय प्लास्टरच्या मऊ थरावर त्याचा ठसा उमटवते. त्या ठशावरून छपाईची पट्टी ओतायची, म्हणजे चाकावरचा आकडा पानावर येईपर्यंत मध्ये खिळे जुळवणारा हात येतच नाही, आणि ८४५१ चे ८४१५ होण्याची ती जागाच नाहीशी होते.