'गॉडस्पेल'च्या दहाजणांत

अमेरिकेतल्या आमच्या पिट्सबर्गच्या हौशी नाट्यमंडळानं 'गॉडस्पेल' हे येशूच्या दाखल्यांवरचं संगीत नाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच ऑडिशनला नाव दिलं. नगरला, मराठी चर्चच्या वातावरणात वाढल्यामुळे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले दाखले, म्हणजे येशूनं सांगितलेल्या बोधकथा, लहानपणापासून तोंडपाठ होते. नाचत, गात, हसवत ते सांगायचे, ही गोष्ट मात्र नवी होती.

हे नाटक मूळचं पिट्सबर्गचंच. जॉन-मायकेल टेबेलॅक इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकत होता. 1970 च्या ईस्टरच्या आदल्या रात्री तो सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये उपासनेला गेला. अंगात नेहमीचा टी-शर्ट आणि ओव्हरऑल. उपासना संपल्यावर एका पोलिसानं अमली पदार्थांच्या संशयावरून त्याची झडती घेतली. त्या सुमारास त्यानं शुभवर्तमानांवर नाटक लिहिलं आणि पदवीच्या प्रबंधासाठी ते बसवलं. पुढे न्यूयॉर्कला त्याच विद्यापीठात शिकलेल्या स्टीफन श्वार्ट्झनं त्यासाठी नवी गाणी केली. 17 मे 1971 ला चेरी लेन थिएटरमध्ये प्रयोग लागला, तेव्हा श्वार्ट्झ 23 वर्षांचा होता. पहिल्या वाचनाला दिग्दर्शिकेनं हे सगळं सांगितलं. बसनं त्या कॅथीड्रलवरून जाताना आता माझी मान आपोआप तिकडे वळते.

आईला फोनवर सांगितलं, तर ती गप्पच झाली. "प्रभूला विदूषकाचा वेश? अगं, हे बरं दिसतं का?" मूळ प्रयोगात येशूच्या चेहऱ्यावर विदूषकाची रंगरंगोटी आणि अंगात सुपरमॅनचा शर्ट होता, हे खरं आहे. मी तिला चर्चमधल्या कीर्तनाची आठवण करून दिली. बापाचा पैसा उडवून कंगाल झालेला उधळ्या पुत्र डुकरांच्या शेंगांकडे बघतो, तिथे आम्ही पोरं खदाखदा हसायचो; आणि परतणाऱ्या पोराकडे म्हातारा बाप धावत सुटला, की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. तेच आम्ही इथे करतोय, म्हटलं. "मग नीट हसवा," आई म्हणाली.

या नाटकात कोरस वेगळा नाही. दहाजण असतात. एक येशू; बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशूला दगा देणारा यहूदा या दोन्ही भूमिका एकाच नटाकडे; बाकी आम्ही आठजण. जवळजवळ सगळा वेळ सगळे रंगमंचावर. विंगेत जाऊन दम खायची सोय नाही, त्यामुळे दुसऱ्याचं गाणं चालू असताना ऐकत कसं बसायचं, यावरच आमची निम्मी मेहनत गेली.

प्रयोगाचे हक्क पैसे भरून घ्यावे लागतात, परवानगीशिवाय गाणी किंवा संवाद बदलता येत नाहीत. पण दाखले कसे रंगवायचे, ते बरंचसं मंडळींवर सोडलेलं असतं. माझ्या गटाकडे निर्दय दासाचा दाखला आला. राजा ज्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो, तोच बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे एकीकडे सहा कोटी दिवसांचे कष्ट, दुसरीकडे शंभर दिवसांचे. हा फरक प्रेक्षकाला आकडा न सांगता दिसला पाहिजे, असा दिग्दर्शिकेचा हट्ट होता.

नाण्यांच्या पिशव्या आणल्या, जमलं नाही. ठोकळ्यांचा मनोरा रचला, तोही रटाळ वाटला. शेवटी आमच्यातल्या एका निवृत्त बसचालकानं दुकानातल्या बिलाच्या कागदाची गुंडाळी आणली. राजानं ती सोडली, की कागद पायऱ्यांवरून उतरत पहिल्या रांगेच्या पायांत जायचा. लोक हसायचे, पाय वर घ्यायचे. मग राजा तो मधोमध फाडायचा. दुसऱ्या कर्जासाठी एकच पिवळी चिकटचिठ्ठी. ती हातात धरून मी सोबत्याच्या गळ्याशी हात नेला, की मघाचं हसणं एकदम थांबायचं. कर्जाचं सगळं गणित त्या शांततेत पोचत होतं. दाखल्याला लागूनच 'डे बाय डे' हे गाणं सुरू होतं, आणि ते तिथेच का आहे, हे मला तेव्हा कळलं.

संगीताच्या तालमी कठीण, पण आनंदाच्या. 'ऑल फॉर द बेस्ट'मध्ये येशू आणि यहूदा दोन वेगळ्या चाली आधी एकेकट्या गातात, मग एकावर एक. प्रकाशयोजना आणि माइकच्या आठवड्यानं मात्र सगळ्यांचा जीव काढला. तेवढं सोसावंच लागतं.

शेवटच्या भोजनात येशू एकेकाचा निरोप घेतो. आमच्या येशूनं प्रत्येकाशी वेगळी, दोघांतच ठरलेली खूण ठेवली होती. माझ्याशी तो नमस्कार करायचा. कोपरापासून हात जोडून, नगरला पाळकसाहेबांना आम्ही करतो तसा. हे मीच त्याला शिकवलं होतं.

एका प्रयोगानंतर चर्चमधल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "पुनरुत्थान कुठंय?" हा आक्षेप जुना आहे. मेलेला येशू पुन्हा उठतो, ते दाखवणारी रिकामी कबर संहितेत नाही, देवदूत नाही. मी त्यांना जे मानते तेच सांगितलं: क्रूसाऐवजी कुंपणावर मेलेल्या येशूला उतरवून आम्ही प्रेक्षकांमधून नेतो, तेव्हा 'लाँग लिव्ह गॉड' हे गाणं चालू असतं आणि त्यात सुरुवातीचं गाणं पुन्हा मिसळतं. गाणारे तेच असतात, पण आता ते एकमेकांना सोडत नाहीत. मत्तयाच्या शेवटच्या ओळीत येशू "मी सदोदित तुमच्याबरोबर आहे" म्हणतो, ते मला तिथे ऐकू येतं. बाईंना पटलं नाही. पण पुढच्या प्रयोगाला त्या बहिणीला घेऊन आल्या, आणि कागद पायांत आल्यावर पाय वर न घेता त्यांनी तो हातात धरून ठेवला. राजाला तो त्यांच्याकडून मागून घ्यावा लागला.