सनस्क्रीन कुठलं? आधी सांग, ऑफिसला जातेस कशी

मार्च लागला की ग्रुपवर हा प्रश्न येतोच, अगं चेहऱ्याला रोज कुठलं सनस्क्रीन लावतेस, मग सगळ्याजणी आपापली नावं टाकतात आणि विचारणारी बिचारी अजूनच गोंधळते. मी हल्ली नाव सांगतच नाही. उलट विचारते, गाडीवर जातेस का बसने, तोंडाला घाम किती येतो, आणि दर महिन्याला त्यावर किती पैसे घालायची तयारी आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एसपीएफ 30 (ट्यूबवर छापलेला तो आकडा) साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे किरण, अडवतं आणि 50 वालं 98, पण कधी? तर पुरेसं लावलं तर. लॅबमध्ये हा आकडा काढताना दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात, म्हणजे चेहऱ्याला जवळपास सव्वा ग्रॅम, आणि डॉक्टर जे दोन बोटांवर लांब रेघा ओढून घ्या म्हणतात ते ह्याच्याचसाठी. आपण काय करतो, हळदीकुंकवाला अत्तर लावतात तसं इथे जरा तिथे जरा, आणि मग डब्यावरचा 50 डब्यावरच राहतो. हिशोब करून बघा, रोज एकदाच लावलं तरी 50 ग्रॅमची ट्यूब सव्वा-दीड महिन्यात संपायला हवी. तुमची दिवाळीत आणलेली अजून चालू असेल तर काय ते समजा :) म्हणून मला वाटतं हजाराची ट्यूब पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा तीनशे-चारशेची घ्या आणि हात सैल सोडून लावा.

आता गाडीवाल्या. पुण्यात आपण स्कार्फ बांधणारच, तो चांगलाच आहे, पण क्रीम लावून लगेच बांधला की निम्मं क्रीम स्कार्फला, वर हेल्मेट, वर घाम. ह्यांनी पटकन बसणारं जेल किंवा हलकं फ्लुइड घ्यावं आणि लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावी, तेवढ्यात डबा भरून होतो. घामाने डोळे चुरचुरत असतील तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं लावून बघा, ते सहसा झोंबत नाही. फक्त सावळ्या रंगावर ते राखाडी दिसतं, आणि "थोड्या वेळाने मुरतं" असं दुकानात सांगतात ते नेहमी खरं नसतं, हनुवटीवर लावून दुकानाबाहेर उजेडात बघा.

दिवसभर एसीत खिडकीशेजारी बसत असाल तर एसपीएफपेक्षा ट्यूबवर "PA" लिहिलेलं असतं त्याच्या पुढचे प्लस (+) मोजा. काच यूव्हीबी बरंच अडवते, यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणारे किरण, मात्र आत येतात, आणि त्यांच्यापासून किती बचाव होतो ते ह्या PA वरून कळतं (जपानी पद्धत आहे ही, जास्तीत जास्त चार प्लस). वांग असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेसारखा रंग असलेलं, घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडापासूनही वाचवतं, वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

दर दोन तासांनी परत लावा हा नियम उन्हात असणाऱ्यांसाठी बरोबरच आहे, पण मेकअप करून मीटिंगला बसलेली बाई हे करणार नाही, उगाच कशाला बोलायचं. खिडकीपासून लांब बसत असाल तर दुपारी बाहेर पडायच्या आधी एकदा लावलं तरी पुष्कळ. संध्याकाळी दिवेलागणीला निघत असाल तर तेवढ्यासाठी नकोच.

आणि प्लीज, जास्तीची ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे जी भट्टी पेटते त्यात क्रीमचं पाणी वेगळं तेल वेगळं होतं. पर्समध्ये ठेवा, नाहीतर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.