तलावपाळीचे दिवे आणि लेन्सची परीक्षा

ठाण्यात लेन्स पारखायची असेल तर दिवेलागणीला तलावपाळी गाठावी. मासुंद्याच्या कठड्याशी माणूस उभा करायचा, पलीकडच्या काठावरचे दिवे त्याच्या मागे घ्यायचे आणि अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडायचं. ‘मागचं मस्त उडतं’, म्हणजे पार्श्वभूमी छान धूसर होते, हे दुकानातलं वाक्य कितपत खरं, ते लगेच कळतं.

किती उडतं, हे साधं गणित आहे. लेन्सवर लिहिलेल्या फोकल लेंग्थला (५० एमएम, ८५ एमएम) एफ-नंबरने (एफ/१.८ मधला १.८) भागा; येतो तो अपर्चरचा व्यास. ५० एमएम एफ/१.८ ला सुमारे २८ मिमी येतात, ८५ एमएम एफ/१.८ ला ४७. दिवा खूप लांब असेल तर त्याची धूसर होऊन पसरलेली चकती चेहऱ्याशेजारी धरलेल्या तेवढ्याच मिलिमीटरच्या वर्तुळाएवढी दिसते. माणूस २ मीटरवर आणि मागचं झाड ४ मीटरवर असेल तर ती निम्मी होते. म्हणजे माणसाला झाडापासून चार पावलं पुढे आणणं हा फुकटचा उपाय, तरी लोक त्याला खोडाला टेकवूनच उभं करतात.

कसं उडतं, ते मात्र गणितात बसत नाही. फोटो मोठा करून एकच चकती बघा. तिची कड मधल्या भागापेक्षा उजळ असेल तर त्या लेन्समध्ये स्फेरिकल अ‍ॅबरेशन (काचेच्या कडेचा आणि मधला प्रकाश एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष) गरजेपेक्षा जास्त सुधारलेलं आहे. दिव्यांना ते एक वेळ शोभतं. येऊरच्या जंगलातल्या वाळक्या फांद्या मागे आल्या की प्रत्येक काडीला दोन-दोन कडा फुटतात आणि पार्श्वभूमी नुसती वळवळते. ज्या लेन्सचं मागचं मऊ असतं, तिचं पुढचं बहुधा रखरखीत निघतं. दोन्हीकडून लाड होत नाहीत. चकतीत कांद्यासारखी वलयं दिसली, तर दोष साच्यात दाबून केलेल्या, गोल वक्राच्या नसलेल्या अ‍ॅस्फेरिकल काचेचा. साच्यावरचे बारीक चरे तिच्यावर उतरलेले असतात.

अपर्चर लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या संख्येवर उगाच वाद रंगतात. पूर्ण उघड्या अपर्चरला पाती मध्ये येतच नाहीत. एफ/२.८ ला मात्र पाच-सहा सरळ पात्यांचे कोपरे दिसू लागतात, नऊ गोलसर पाती चकती बऱ्यापैकी गोल ठेवतात. फ्रेमच्या कोपऱ्यातल्या चकत्या लांबट दिसतात, कारण तिरपा प्रकाश लेन्सच्या नळीच्या कडांनी कापला जातो. अपर्चर एक-दीड स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा) बंद केलं की त्या गोल होतात, पण ८५ एमएमचे ४७ मिमी तेव्हा ३० वर आलेले असतात. मिनोल्टाने १९९९ मध्ये १३५ एमएमच्या लेन्समध्ये कडेकडे काळसर होत जाणारं फिल्टर बसवून चकतीची कडच विरवून टाकली. किंमत उजेडात मोजावी लागली: अपर्चर एफ/२.८, प्रत्यक्ष प्रकाश टी ४.५, म्हणजे एफ/४.५ च्या लेन्सइतकाच.

नेरुळला फ्लेमिंगोंसाठी स्वस्तातली ५०० एमएम मिरर लेन्स (आत आरसे असलेली) नेली, तर पाण्यावरची चमक मेदूवड्यांसारखी उमटते. मधल्या छोट्या आरशाचं ते भोक; एडिटिंगमध्ये जात नाही.

भर उन्हात चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या दिसल्या तर लेन्स दुरुस्तीला टाकू नका. मोठं अपर्चर, १/२००० च्या पुढचा शटर स्पीड आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा मेकॅनिकल) एकत्र आले की हे होतं. मेन्यूत जाऊन मेकॅनिकल शटर लावा.