उंबराचा कचरा

आमच्या सोसायटीत उंबराखाली गाडी लावायला कुणी तयार नसतं. फळं पिकली की टपावर लाल लगदा, त्यावर माशा, वरून रात्री वटवाघळं येऊन काय करून जातात ते सांगायला नको, आणि मग सकाळी ग्रुपवर फोटो. मागच्या मीटिंगमध्ये तर एका काकांनी सरळ विषयच काढला की झाड काढून टाकू. महापालिकेची परवानगी लागते म्हटल्यावर जरा गार पडले, पण विषय काही मिटलेला नाही.

शाळेत आपण सगळे ती अन्नसाखळी शिकलोय, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड आणि मधे बाण. बाण काढले की मार्क पैकीच्या पैकी. मला वाटतं त्या बाणांनीच आपला घोटाळा केलाय, कारण खरी इकोसिस्टीम अशी रांगेत उभी नसतेच. बघायची असेल तर पिकत आलेलं एक उंबर घ्या आणि फोडा. आत केंबरं, म्हणजे बारीक काळपट किडे, वळवळताना दिसतील. (आमची आजी फुंकर मारून खायची, तिला काही झालं नाही.)

उंबराची फुलं बाहेर नसतातच, त्या गोळ्याच्या आत असतात. देठाच्या समोरच्या टोकाला इवलंसं भोक असतं, त्यातून केंबराची मादी घुसते, घुसताना पंख तुटतात, म्हणजे परतीचा विषयच संपला. सोबत आणलेले पराग फुलांवर पडतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे, त्यांचं काम एवढंच की माद्यांशी जुगायचं, बाहेर पडायला बोगदा कोरून द्यायचा आणि मरायचं. माद्या पराग घेऊन उडतात. यात फुकटेही आहेत बरं का, बाहेरूनच लांब सुई टोचून आत अंडी घालणारे दुसरे किडे, परागांशी त्यांना काही घेणंदेणं नाही. आणि खोडावर मुंग्या टपलेल्या असतात त्या वेगळ्याच.

आता गंमत अशी की एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच तयार होतात. म्हणजे उडालेल्या मादीला दुसरं झाड गाठावं लागतं, ज्याची फुलं नेमकी तेव्हाच तयार आहेत, आणि हातात वेळ जेमतेम एक-दोन दिवसांचा. आफ्रिकेत नामिब वाळवंटात उंबराच्या भावकीतल्या झाडाचे पराग अशा किड्यांनी वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत नेल्याचं सापडलंय. झाडांची वेळ अशी मागेपुढे असल्यामुळे कुठला ना कुठला उंबर, वड, पिंपळ फळलेला असतोच, आणि बाकी काही मिळत नाही त्या दिवसांत तांबट, कोकीळ, हरियाल, वटवाघळं सगळ्यांचं त्यावर भागतं. रॉबर्ट पेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्रकाठच्या खडकांवरून तारामासे काढून टाकले, तर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि बाकीचे जीव हुसकले गेले. ज्या एकावर अनेक जीव अवलंबून असतात अशा जीवाला त्याने १९६९ मध्ये कीस्टोन प्रजाती म्हटलं. वड-उंबराच्या कुळाचं नाव त्या यादीत बरेच जण घेतात.

म्हणजे एक उंबर वाचवून फारसं काही होत नाही, पल्ल्यात दुसरे उंबर हवेत. म्हणून मी हल्ली रस्त्याने जाताना उंबर शोधते. ओढ्याकाठी एक आहे. बाकी बहुतेक दत्ताच्या देवळात, तिथे कुऱ्हाड लावायची कुणाची टाप नाही, पार बांधलेला, प्रदक्षिणा चालू, आणि वर केंबरांचा संसार आपला निवांत.

मग वाटलं आपणच एक लावावं, म्हणून नर्सरीत विचारलं. तो म्हणाला, "उंबर कोण ठेवतंय ताई? हे घ्या फायकस, त्याच्याच खानदानातलं. कुंडीत मस्त राहतं, पक्षी नाहीत, किडे नाहीत, काही कचरा नाही." साडेतीनशे सांगितले.